निष्काम कर्म आणि संशोधकाच्या ओळखी

भिवंडी तालुक्यातील अकलोली हे गाव तानसा नदीच्या काठी, वज्रेश्वरी आणि गणेशपुरी या दोन तीर्थस्थानांच्या सान्निध्यात वसलेले असून तेथील गरम पाण्याच्या कुंडांविषयी दोन प्रकारचे ज्ञान शेजारी शेजारी नांदत आले आहे. श्रद्धेची परंपरा सांगते, की देवी वज्रेश्वरीने ज्या दैत्यांचा संहार केला त्यांचे रक्त या ऊन पाण्याच्या रूपाने अजून वाहते आहे. भूशास्त्र सांगते, की पावसाचे पाणी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्ट खडकातील भेगांमधून खोल झिरपते, दर किलोमीटर खोलीला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढत जाणाऱ्या भूगर्भातील उष्णतेने तापते आणि विभंगाच्या, म्हणजे खडकाचे थर तुटून सरकल्याने पडलेल्या तड्यांच्या, वाटेने पुन्हा वर येते. पालघरच्या परिसरापासून राजापूरपर्यंत किनाऱ्याला समांतर अशी ऊन झऱ्यांची जी रांग कोकणात आढळते, तिच्यातलीच ही कुंडे आहेत.

या दोन्ही ज्ञानांपैकी कोणतेही कोणा एकट्याने मिळवलेले नाही. दैत्यकथा पिढ्यानपिढ्या जत्रेकरूंच्या तोंडून आली, आणि भूशास्त्राचे वरचे एक वाक्य लिहिता यावे म्हणून नकाशे काढणारे, पाण्यातील क्षारांचे पृथक्करण करणारे, खडकांचे वय मोजणारे आणि एकमेकांचे आकडे तपासून पाहणारे अनेक लोक खपले. भिवंडीच्या एखाद्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थिनीला या कुंडांतील सूक्ष्मजीवांचा अभ्यास करावासा वाटला, तर तिला ग्रामपंचायतीची आणि देवस्थानाची संमती लागेल, नमुना खराब न होऊ देता नेण्याची पद्धत कोणीतरी दाखवावी लागेल, जनुकक्रम वाचणारे यंत्र ज्या प्रयोगशाळेत आहे तिथले दार उघडावे लागेल आणि आलेल्या निष्कर्षातील चूक दाखवणारा जाणकार शोधावा लागेल. या सगळ्यासाठी माणसे ओळखीची असावी लागतात. विद्यापीठांतून आणि संशोधन संस्थांतून आज ‘करिअर घडवणे’ आणि ‘नेटवर्किंग’ या नावांनी जे शिकवले जाते, त्याचा गाभा इतकाच आहे.

तरीही या शिकवणीसमोर अनेक मराठी विद्यार्थी अवघडतात, आणि हे अवघडणे निव्वळ बुजरेपणाचे नसते. आपले काम चोख करावे, नाव आपोआप होते, असे त्यांनी घरात ऐकलेले असते. दुसरीकडे ‘वशिल्याशिवाय काही होत नाही’ हेही त्यांनी तितक्याच वेळा ऐकलेले असते, आणि वशिला म्हणजे गुणवत्तेला वगळून मिळालेली मदत, हे त्यांना पक्के ठाऊक असते. अशा विद्यार्थ्याला परिषदेतील चहाच्या रांगेत एखाद्या नामवंत शास्त्रज्ञाशी जाऊन बोल, असे सांगितले की त्याला ती लाचारी वाटते. त्याच्या मनात एक खरा नैतिक प्रश्न उभा असतो: सत्याचा शोध हे जर निःस्वार्थ काम असेल, तर त्या शोधात राहून स्वतःचे नाव चार लोकांना कळावे यासाठी खटपट करणे धर्माला धरून आहे काय? हा प्रश्न कौशल्यविकासाच्या कार्यशाळेत सुटणारा नाही, कारण तो मुळात कर्म आणि फल यांच्या नात्याविषयीचा आहे.

मराठीत या नात्याचा सर्वांत सविस्तर विचार लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’त झाला. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेला आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ गणिताची पदवी घेतलेल्या आणि तरुणपणी शिक्षणसंस्था उभारण्यात झटलेल्या माणसाचा आहे, याचा विसर पडू नये. गीतेचा अर्थ संन्यासपर लावणाऱ्या भाष्यकारांशी वाद घालताना टिळकांनी दोन कल्पनांवर भर दिला. पहिली निष्काम कर्माची, म्हणजे फलाची आसक्ती सोडून पण कर्म न सोडता जगण्याची. दुसरी लोकसंग्रहाची, म्हणजे ज्ञानी माणसानेही समाजाची घडी टिकावी आणि लोक सन्मार्गाला लागावेत म्हणून कर्म करीत राहावे, या कर्तव्याची. संशोधकाच्या प्रश्नासाठी या दोन्ही कल्पना एकत्र वाचाव्या लागतात, कारण पहिलीच तेवढी घेतली तर ती कोपऱ्यात बसून राहण्याचे समर्थन होऊ शकते.

येथे एक भेद नीट करावा लागतो. संशोधनात कर्म कुठे संपते आणि फल कुठे सुरू होते? प्रयोग झाला, वहीत आकडा उतरला, म्हणजे कर्म संपले असे मानले, तर तो आकडा दुसऱ्याला सांगणे ही प्रसिद्धीची हाव ठरेल. परंतु दुसऱ्याने तपासून पाहिल्याखेरीज कोणतेही विधान विज्ञानात ज्ञान म्हणून उभे राहत नाही. शोधनिबंध लिहिणे, पोस्टरपुढे उभे राहून शंकांना उत्तरे देणे, आपल्यापेक्षा अधिक जाणणाऱ्याला गाठून ‘यात चूक कुठे आहे’ असे विचारणे, हे सगळे त्यामुळे कर्माच्याच पोटात येते. फल म्हणजे नोकरी, पारितोषिक, निबंधाचा इतरांनी केलेला उल्लेख आणि त्यातून येणारा मान. विद्यार्थ्याने आसक्ती सोडायची ती या दुसऱ्या गोष्टींची. पहिल्या गोष्टी सोडल्या तर त्याने कर्मच अर्धवट टाकलेले असते, आणि त्या अर्धवटपणाला वैराग्य म्हणता येत नाही.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या आयुष्यात दिसते. त्यांचा जन्म १९०५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू येथे झाला, शालेय शिक्षण ठाण्यात आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले, आणि तेथे १९२७ मध्ये त्यांना गणितातील स्वतंत्र लेखनासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पदव्युत्तर शिक्षण मात्र त्यांनी कधीच घेतले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवत राहिले आणि उरलेला वेळ संख्यांच्या गुणधर्मांना देत राहिले. डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या एका कल्पनेला त्यांनी त्या स्थानकाच्या जुन्या नावावरून ‘डेम्लो संख्या’ म्हटले, तर दुसऱ्या एका प्रकाराला ‘देवळाली संख्या’. ज्या ठिकाणी विचार सुचला त्या ठिकाणाचे ऋण असे मानणारा गणिती विरळाच.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध १९४९ चा आहे आणि तो पाटीवर पडताळून पाहता येतो. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून मोठीतून लहान संख्या वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. शोधाचे साल १९४९ हेच घेतले तर ९९४१ वजा १४९९ म्हणजे ८४४२. त्यापुढे क्रमाने ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि शेवटी ६१७४. या संख्येवर तीच क्रिया केली तरी ६१७४ च उरते. कोणत्याही संख्येपासून निघाले तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येथेच पोचता येते, आणि योगायोग असा, की १९४९ ला त्या सातही पायऱ्या लागतात. आज जगभर ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. परंतु त्या काळात देशातील अनेक गणितज्ञांना हा पोरखेळ वाटला. कापरेकर पदरमोड करून परिषदांना जात आणि आपल्या पुस्तिका स्वतःच छापत. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा जगाला त्यांचे नाव कळले. त्या वेळी त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती.

कापरेकरांना निष्काम कर्मयोगी म्हणून गौरवण्याचा मोह सहज होतो, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु त्यांच्या चरित्रातील दुसरी बाजू डोळ्यांआड होऊ नये. त्यांनी आपले काम दडवून ठेवले नाही. परिषदेला जाणे, पुस्तिका छापणे आणि आपली संख्या इतरांपुढे मांडणे हे त्यांनी जन्मभर केले, म्हणजे आजच्या भाषेत ज्याला नेटवर्किंग म्हणतात ते त्यांनी स्वतःच्या खर्चाने केले. त्यांनी कर्म पूर्ण केले होते. अपुरे पडले ते त्यांच्या समोरचे लोक. वैराग्य कापरेकरांचे होते आणि उपेक्षा इतरांची होती. या दोन गोष्टी एकाच पारड्यात घातल्या, की उपेक्षा करणारा मोकळा सुटतो.

हे अधिकच दुःखद वाटते, कारण ज्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले, तेथेच याच्या उलट वागण्याचा एक चांगला नमुना होता. व्ही. रामस्वामी अय्यर या गणितप्रेमी सरकारी अधिकाऱ्याने १९०७ मध्ये जे भारतीय गणित मंडळ स्थापन केले, त्याचे ग्रंथालय फर्ग्युसनमध्ये ठेवलेले होते आणि दूरदूरच्या सभासदांना परदेशी नियतकालिके टपालाने पाठवली जात. एकटा माणूस ती विकत घेऊ शकत नव्हता. श्रीनिवास रामानुजन यांना आधार देणाऱ्या पहिल्या काही जाणकारांत हेच रामस्वामी अय्यर होते. केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना १९१३ मध्ये गेलेल्या रामानुजन यांच्या प्रसिद्ध पत्राची गोष्ट सगळे सांगतात, पण त्या पत्राच्या आधी मद्रासेत ज्यांनी त्या तरुणाच्या वह्या उघडून पाहिल्या आणि त्याच्या पोटापाण्याची सोय लावली, त्यांच्याविषयी फारसे बोलले जात नाही.

कमला सोहोनी यांचे उदाहरण वेगळ्या बाजूने बोलते. पूर्वाश्रमीच्या कमला भागवत १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी परीक्षा अग्रक्रमाने उत्तीर्ण झाल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी त्यांनी अर्ज केला. त्यांचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि त्याच संस्थेत शिकलेले, म्हणजे ओळख नव्हती असे नाही. तरीही संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री असल्याच्या कारणावरून अर्ज नाकारला. कमलाबाई तेथे जाऊन ठाण मांडून बसल्या, कारण विचारत राहिल्या, आणि अखेर प्रवेश मिळाला तो एक वर्ष चाचणीचे मानून आणि त्यांच्या असण्याने इतरांचे लक्ष विचलित होऊ नये अशा अपमानास्पद अटींवर. पुढे केंब्रिजमध्ये डेरेक रिक्टर यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत कामाला जागा दिली, नंतर रॉबिन हिल यांच्याकडे त्यांचे काम चालू राहिले, आणि वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी हे श्वसनक्रियेतील द्रव्य असते हे दाखवून त्यांनी १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. मायदेशी परतल्यावर डाळी आणि नीरा यांसारख्या सामान्यांच्या आहारातील पदार्थांवर त्यांनी संशोधन केले आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या.

कमला भागवत बंगळूरच्या संस्थेत ठाण मांडून बसल्या तेव्हा त्या फलासाठी हट्ट करीत होत्या काय? प्रवेश हे फल नव्हे, ती कर्माची पूर्वअट आहे. ज्याला प्रयोगशाळाच नाकारली आहे त्याला फलाची आस सोड असे सांगणे म्हणजे गीतेचा आधार घेऊन अन्याय करणे होय. निष्कामता ही साधकाने स्वतःवर घालून घ्यायची अट आहे. ती दुसऱ्याकडून वसूल करता येत नाही. हे तत्त्व आजही विसरले जाते. संशोधक विद्यार्थी पाठ्यवृत्तीचे थकलेले पैसे मागतो तेव्हा ‘विज्ञानासाठी आला आहात, पैशासाठी नव्हे’ असे त्याला ऐकवणारा माणूस स्वतः मात्र वेळेवर पगार घेत असतो. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली, हे योग्यच झाले, परंतु ती महिनोन्‌महिने हातात पडत नसेल तर खोलीचे भाडे आणि घरी पाठवायचे पैसे यांची चिंता हीच त्या विद्यार्थ्याची खरी आसक्ती होऊन बसते, आणि त्याचा दोष त्याच्याकडे जात नाही.

वशिला आणि योग्य ओळख यांतील फरक ठरवण्यासाठी बौद्ध परंपरेतील एक कल्पना उपयोगी पडते. पाली ग्रंथांत कल्याणमित्र म्हणजे ज्याच्या संगतीने माणसाचे शील आणि ज्ञान वाढते असा मित्र. कल्याणमित्रता म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य, म्हणजे अर्धे साधनामय जीवन होय, असे आनंद या शिष्याने म्हटल्यावर बुद्धांनी त्याला थांबवून ते अर्धे नसून संपूर्ण आहे असे सांगितल्याची कथा तेथे येते. साधनेच्या मार्गात एकाकीपणाला इतका मान देणाऱ्या धर्माने संगतीला हे स्थान द्यावे, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. वशिल्यात दोन माणसांमध्ये काम नसते, केवळ नाते किंवा देवघेव असते, आणि ती देवघेव तिसऱ्यापासून लपवावी लागते. कल्याणमित्रतेत मधोमध काम असते. ते चारचौघांत सांगता येते आणि तिसरा आला तर त्यालाही त्यात जागा असते. ज्या शिफारशीचे कारण उघडपणे लिहिता येत नाही, ती शिफारस घेऊ नये आणि देऊही नये.

या दृष्टीने पाहिले तर अनोळखी शास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात लाचारी येण्याचे कारण उरत नाही. ज्या पत्रात ‘आदरणीय महोदय, मी आपल्या कार्याने प्रभावित झालो आहे’ एवढेच असते, ते पन्नास जणांना जाते आणि त्यातील एकाचेही काम पाठवणाऱ्याने वाचलेले नसते. त्याऐवजी एका निबंधाचे नाव, त्यातील एक न कळलेली पायरी आणि त्यावर स्वतः करून पाहिलेला एखादा प्रयत्न, इतके असले तरी वाचणाऱ्याला उत्तर द्यावेसे वाटते. त्यासाठी मोठ्या महाविद्यालयाचा शिक्का लागत नाही. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाची तोंडओळख करून देणारा कार्यक्रम चालवते, विज्ञान अकादमी उन्हाळी पाठ्यवृत्त्या देतात, आणि मराठी विज्ञान परिषदेसारखी १९६६ पासून काम करणारी संस्था मराठीतून विज्ञानाची माणसे जोडत आली आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीच्या धास्तीने हात वर करणे जड जाते, हे प्रत्येक चर्चासत्रात दिसते. अशा वेळी त्याची शंका मराठीत ऐकून घेऊन सभेपुढे मांडणारा एखादा प्राध्यापक जे करतो, ते प्रेरणादायी भाषणांच्या मालिकेपेक्षा फार मोलाचे असते.

ऊन झऱ्यांतील सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाने लोकसंग्रहाचा आणखी एक अर्थ पुढे आणला. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानातील ऊन झऱ्यांत थॉमस ब्रॉक यांना हडसन फ्रीझ या पदवीच्या विद्यार्थ्यासह १९६६ मध्ये ‘थर्मस अ‍ॅक्वाटिकस’ हा जिवाणू मिळाला. त्याचा काही उपयोग होईल अशी अपेक्षा नव्हती. त्यांनी १९६९ मध्ये निबंध छापला आणि जिवाणूचे वाण सार्वजनिक संग्रहात जमा केले, म्हणजे ज्याला हवे त्याला तेथून मागवता यावे अशी व्यवस्था केली. ऐंशीच्या दशकात कॅरी म्युलिस यांनी जनुकद्रव्याच्या प्रती काढण्याची जी पद्धत शोधली, तिला याच जिवाणूतील उष्णता सोसणारे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, कामी आले. म्युलिस यांना १९९३ मध्ये नोबेल मिळाले आणि त्या पद्धतीचे हक्क एका औषध कंपनीने तीस कोटी डॉलरला घेतले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही औद्योगिक सूक्ष्मजीवांचा असा संग्रह आहे, आणि अकलोलीच्या कुंडातून वेगळा केलेला एखादा जिवाणू तेथे जमा करणारा विद्यार्थी पुढे कधीही न भेटणाऱ्या संशोधकांशी नाते जोडत असतो.

मात्र ब्रॉक यांच्या निःस्वार्थ कृतीत एक त्रुटी राहिली. ज्या उद्यानातून जिवाणू आला, त्याला त्या तीस कोटींतले काहीच मिळाले नाही. भारतात जैवविविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक संस्थांत जैवविविधता व्यवस्थापन समित्या असायला हव्यात आणि व्यापारी उपयोग झाल्यास लाभाचा वाटा तेथील लोकांकडे जायला हवा. संशोधकाने ज्यांची संमती घेतली, ज्यांनी वाट दाखवली, कुंडाचे पाणी कोणत्या महिन्यात अधिक तापते हे ज्यांनी सांगितले, ती माणसेही त्याच्या ओळखींच्या यादीत असली पाहिजेत, आणि निष्कर्ष हाती आल्यावर ते त्यांना त्यांच्या भाषेत सांगणे हे त्याच्या कर्मातच मोडते. नामवंतांच्या ओळखी जपणारा आणि गावाला विसरणारा संशोधक लोकसंग्रहाचे नाव घेऊ शकत नाही.

राहतो प्रश्न दाराच्या आतल्या माणसांचा. मार्गदर्शकाला संशोधनाच्या व्यवहारात जवळजवळ गुरूचे अधिकार असतात: विषय तो ठरवतो, निबंधावरील नावांचा क्रम बहुधा तोच ठरवतो, आणि त्याच्या शिफारसपत्रावर पुढची पाच-दहा वर्षे अवलंबून असतात. गुरुपरंपरेत गुरूवर जी बंधने मानली होती, विशेषतः शिष्यापासून विद्या न दडवण्याचे बंधन, ती मात्र या अधिकारांबरोबर आलेली नाहीत. आजच्या विद्यापीठांत ती नियमांनी आणावी लागतील. विद्यार्थ्याने केलेल्या कामाची नोंद लेखी ठेवावी, नावांचा क्रम निबंध लिहिण्याआधीच ठरवावा, आणि मागितलेले शिफारसपत्र मुदतीत द्यावे किंवा देणार नसल्यास कारणासह तसे वेळेवर कळवावे. यांतील एकाही गोष्टीला जास्तीचा निधी लागत नाही. आणि ज्या विद्यार्थ्याला या गोष्टी मिळत नाहीत त्याने त्या मागाव्यात, वारंवार मागाव्यात, लेखी मागाव्यात. आपण फलाची अपेक्षा करतो आहोत असा अपराधभाव त्याने बाळगण्याचे कारण नाही, कारण तो आपले काम करू देण्याची मागणी करीत असतो.